सामोपचाराने घटस्फोट घेताय? सही करण्याआधी इंडेक्स टू काढा

उतारवयात वेगळं व्हायची वेळ आली की नवऱ्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "अगं, कोर्टकचेऱ्या करून वकिलांची धन कशाला करायची? सामोपचाराने घेऊ." मलाही तेच सांगितलं गेलं. त्या सामोपचाराच्या आडून माझं घरही जाणार होतं आणि पेन्शनवरचा हक्कही. मुंबईत आज कोणी या वळणावर उभी असेल तर तिच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा फ्लॅट मुलुंड पूर्वेला. करारनामा एकट्या नवऱ्याच्या नावावर, त्या काळी बहुतेक घरांत तसंच व्हायचं. पण बिल्डरला दिलेल्या पहिल्या रकमेत माझ्या पाटल्या होत्या आणि शाळेच्या पतपेढीतून मी काढलेलं कर्ज होतं. त्याचा हप्ता कित्येक वर्षं माझ्या पगारातून कापला गेला. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि वर्ष उलटायच्या आत वेगळं व्हायचं बोलू लागला.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीचा अर्ज झाला. दोघांना मिळून वकील एकच, तोही नवऱ्याने ठरवलेला. अटी कागदावर छान दिसत होत्या. मला एक ठोक रक्कम, आणि घटस्फोटानंतर वर्षभरात फ्लॅट माझ्या नावे. त्या बदल्यात पोटगी, पेन्शन किंवा इतर कुठल्याही मालमत्तेवर मी पुढे कधीही हक्क सांगायचा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात पहिली पायरी पार पडली. मग घाई सुरू झाली. पहिल्या पायरीनंतर शेवटच्या हुकुमासाठी सहा महिने थांबायची अट न्यायालय माफ करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, आपणही तसा अर्ज देऊ, असं वकील सांगू लागले.

त्याच सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून विचारलं, "वहिनी, तुमच्या दिरांनी शेअर सर्टिफिकेट स्वतःच्या नावे करायचा अर्ज दिलाय. तुम्हाला माहीत आहे ना?"

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो. भाचीने माझ्यासमोर बसून फ्लॅटचा इंडेक्स टू काढला, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. पहिल्याच रकान्यात 'विलेखाचा प्रकार: बक्षीसपत्र'. मोबदला शून्य. लिहून देणार नवरा, लिहून घेणार दीर. खाली दस्त नोंदवल्याची तारीख होती, आमच्या घटस्फोटाच्या अर्जाच्या आधीची. म्हणजे 'फ्लॅट तुझ्या नावे करून देईन' या अटीखाली नवऱ्याने सही केली तेव्हा फ्लॅट त्याचा राहिलाच नव्हता.

एक गोष्ट नीट समजून घ्या. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. घटस्फोट झाला की पत्नीचं नातं संपतं आणि ही सवलतही जाते. खरोखर घर द्यायचं असेल तर ते घटस्फोटाआधीच द्यावं, यातच दोघांचा फायदा आहे. 'नंतर करून देतो' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

पेन्शनची गोष्ट याहून खोल आहे, आणि बायकांना ती कोणी समजावून सांगत नाही. पेन्शन ३०,००० असेल तर तिचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो. लाखोंची रक्कम एकदम हातात पडते आणि दरमहा १८,००० उरतात. पण महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो आणि पंधरा वर्षांनी विकलेला भागही पुन्हा सुरू होतो. मला दाखवला गेला तो फक्त १८,००० चा आकडा. माझी ठोक रक्कम त्यावरच ठरली. पेन्शन विकून आलेले पैसे, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यांचा अटींमध्ये उल्लेखही नव्हता. शिवाय पेन्शनच्या कागदांवर आमचा जोडीचा फोटो आहे. नवऱ्याच्या पश्चात मला शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं. घटस्फोटित पत्नीला ते मिळत नाही. ठोक रकमेचा हिशोब करताना हे नुकसान धरायलाच हवं. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट मागून आणि लिहून घ्यावी लागते.

वाचले ते एका गोष्टीमुळे. शेवटचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तशी तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मला मिळालेल्या वकीलबाईंनी संमती मागे घेण्याचा अर्ज दिला, पोटगी मागितली आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्कही. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, रजनेश विरुद्ध नेहा हा २०२० चा निकाल तेच सांगतो. परस्पर संमतीत हा हिशोब आपणहून कोणी मागत नाही. तुम्ही मागा, सहीच्या आधी.

बाईंनी बक्षीसपत्राला आव्हान देणारा दावाही केला आणि आणखी एक काम लगोलग केलं. मुंबईत नुसता दावा दाखल करून भागत नाही. दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली की नंतर घर घेणाराही निकालाला बांधील राहतो. पतपेढीची कर्जखात्याची जुनी पुस्तिका आणि पगारपत्रकं मी जपून ठेवली होती. तीच आज माझा पुरावा आहेत. तुमच्याकडे असं जे काही असेल ते घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आता दाखल झालं आहे. पेन्शन विकून आलेली रक्कम आणि दिराबरोबरची जोडखात्यातली मुदतठेव त्यात पहिल्यांदा कागदावर आली. बक्षीसपत्राला दिलेलं आव्हान सुनावणीला आहे. तोवर फ्लॅट कोणाला विकता येणार नाही असा मनाई हुकूम मिळाला आहे, आणि मी त्याच घरात राहते आहे.