पफ पॅनलच्या घरात दहा महिने : सांगोल्याकडचा उन्हाळा काढल्यावर लिहितोय

गावातले लोक अजून विचारतात, "डब्यात झोप लागते का?" लागते. पण घर घेताना मला जे कुणी सांगितलं नाही, ते इथे लिहून ठेवतो.

४८० चौरस फूट, शेतातच. खालचा कट्टा गवंड्याने आधीच बांधून ठेवला होता. त्यावर लोखंडी सांगाडा आणि पॅनल चढवून अकरा दिवसांत घर उभं राहिलं. भिंती ६० मिमी, छत ८० मिमी. पफ म्हणजे फ्रिजच्या दारात जो पिवळसर फोम असतो तोच, आणि पॅनल म्हणजे दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये तो भरलेली फळी.

विकणारा म्हणाला होता, "आत गारच राहतं." तसं नाही. हे घर म्हणजे थर्मास. आत जे शिरेल ते आतच राहतं, मग गारवा असो की ऊन. मी हौसेने पश्चिमेला मोठी काचेची खिडकी ठेवली, मावळतीचा सूर्य दिसावा म्हणून. एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर तिथून आलेलं ऊन रात्री नऊपर्यंत घरातून जायचं नाव घेईना. शेवटी बाहेरून बांबूची ताटी बांधली, तेव्हा कुठे फरक पडला. पडदा आतून लावून उपयोग नाही, तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. कुकरच्या वाफेचंही तेच. एक्झॉस्ट फॅन पहिल्या दिवसापासून हवा, मी दोन महिने उशिरा बसवला.

ताटी लागल्यावर मात्र मजा आहे. एक टनाचा इन्व्हर्टर एसी २७ वर ठेवला की पंधरा मिनिटांत खोली गार, आणि बंद केल्यावरही बराच वेळ टिकते. छतावर ३ किलोवॅटच्या सोलर प्लेटा आहेत, चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट देतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान खात्यात आलं.

पण प्लेटा बसवणाऱ्यांनी घोळ घातला. पत्र्याच्या उंचवट्यावर क्लॅम्प लावायचे सोडून पन्हाळीच्या तळालाच भोकं पाडली. मे अखेरच्या वळवात गळती सुरू, आणि पाणी भोकापाशी नाही तर चार फूट लांब टपकत होतं. शोधण्यात दोन रविवार गेले. तुमच्याकडे काम सुरू असेल तर शिडी लावून स्वतः वर जा.

बाकी किरकोळ. भिंतीत खिळा ठोकून जड फडताळ टांगता येत नाही, त्याची जागा आधीच सांगून आतून लोखंडी पट्टी घालून घ्यावी लागते. मोबाइलची रेंज दारात, आत वायफायवर. पावसात छत वाजतं, आम्हाला आता सवय झाली. थंडीत पहाटे लोखंडी खांबांना दव सुटलं होतं, तिथे फोम नाही ना! फोम पेटतो, म्हणून चुलीचा विचारही केला नाही. गॅसमागची भिंत रॉकवूल, म्हणजे न पेटणाऱ्या दगडी लोकरीच्या पॅनलची मागून घेतली, थोडे जास्त पैसे गेले.

शेजारीच आजोबांची माळवदाची खोली आहे, हातभर जाड मातीच्या भिंतींची. ती मी पाडणार होतो, आईने पाडू दिली नाही. माती दुपारभर ऊन पिते आणि रात्री सोडते. पफला प्यायला येत नाही, पण रात्री खिडक्या उघडल्या की घर लगेच निवतं. त्यामुळे मे महिन्यात आईचं वेळापत्रकच ठरलं: दुपारी माळवदात, रात्री डब्यात.