इचिगो दाइफुकुसाठी शिरातामाको पीठ: घरी वापरून पाहिल्यावर

स्ट्रॉबेरीभोवती आंको, म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण, आणि त्यावर चिकट तांदळाची पातळ, लुसलुशीत पारी, असे इचिगो दाइफुकु जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाले. घरी करताना खरी कसोटी लागते ती या पारीची, म्हणून हे परीक्षण तिच्या पिठाचे आहे.

शिरातामाको तयार करताना चिकट तांदूळ भिजवून पाण्यासह दळतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. त्यामुळे ते भुकटीसारखे न दिसता पांढऱ्या, खडबडीत कण्यांसारखे दिसते. मोचिको, म्हणजे चिकट तांदळाचेच पण कोरडे दळलेले पीठ, मी त्याच प्रमाणात वापरून पाहिले. त्याला तांदळाची चव अधिक होती, पण फळावर ओढताना पारी फाटत होती. शिरातामाकोची पारी मात्र इतकी ताणली गेली की आतला गडद रंग बाहेरून जाणवू लागला, आणि याच गुणासाठी मला हे पीठ मनापासून आवडले.

पहिल्या खेपेस सगळे पाणी एकदम ओतल्यामुळे पारीत गाठी राहिल्या. १०० ग्रॅम पिठात १५० मिली पाणी थोडे थोडे घालून कण्या बोटांनी मोडाव्यात आणि मगच ५० ग्रॅम साखर मिसळावी. ही साखर केवळ गोडीसाठी नसते, तर तिच्यामुळे पारी लवकर कडक होत नाही. ६०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट, ढवळून पुन्हा एक मिनिट आणि शेवटी अर्धा मिनिट ठेवल्यावर पांढरेपणा जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक, चकचकीत झाले, तेव्हा ते शिजले असे समजावे. बटाट्याच्या स्टार्चवर पसरून एवढ्यात सहा नग होतात.

माझ्या पाकिटावर फक्त उकडलेल्या गोळ्यांची कृती होती. मायक्रोवेव्हची वेळ दिली असती, तर नवशिक्याचे पीठ वाया गेले नसते. फ्रिजमध्ये पारी घट्ट होते आणि फळालाही पाणी सुटते, तेव्हा दाइफुकु त्याच दिवशी संपवावेत. लहान मुलांना आणि वृद्धांना ही चिकट पारी घशात अडकण्याचा धोका असतो, हे वाढताना विसरू नये.

सुरीने कापल्यास पारी दबून आंको बाहेर येतो. ताणलेल्या दोऱ्याने कापल्यास फळ, पुरण आणि पारी यांची तिन्ही वर्तुळे स्वच्छ दिसतात.