चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दंडावरचा शुगर सेन्सर: एका इन्स्ट्रुमेंटवाल्याचं मत

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. दंडावर चिकटवायचा, 14 दिवस चालणारा, मोबाइलवर आकडे दाखवणारा शुगरचा सेन्सर चंद्रपूरच्या मे महिन्यातही भरवशाचा आहे. एकाला पाच हजारांच्या आसपास पडतात, म्हणजे महिन्याला दहा हजार. इन्सुलिन घेणाऱ्याचे ते पैसे वसूल होतात. नुसत्या गोळ्यांवर असाल तर वर्षातून दोन-तीनदा लावला तरी पुष्कळ कळतं. मात्र तो तुमच्या दंडापर्यंत कुठल्या रस्त्यानं आला, हे बघितलं नाही तर सगळं मुसळ केरात.

मी औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. थर्मोकपल, प्रेशर ट्रान्समीटर, पाण्याचे अॅनालायझर अशा तापमान, दाब आणि पाणी मोजणाऱ्या यंत्रांतच नोकरी गेली. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "हा लावून बघा, बोटं टोचायची कटकट जाईल," तेव्हा मी पहिलं विचारलं, "याचं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन कसं आहे?" म्हणजे गरम-थंड झालं तरी आकडा ढळू नये याची सोय काय. डॉक्टर नुसते हसले. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "अहो, काहून त्यांचं डोकं खाता? डॉक्टर आहेत ते, तुमचे व्हेंडर नाहीत."

पण प्रश्न चुकीचा नव्हता. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवतं? दिवसभर व्हॉट्सअॅपवर तोच फोटो. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सरच बिघडला होता. विदर्भातलं ऊन माणसाआधी उपकरणाला लागतं, हे आमच्या खात्यात नव्या पोरांनाही ठाऊक असतं.

आता थोडं पोटात शिरू, कारण पैसे ज्याचे मोजतो ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चकतीखालून एक बारीक तार साधारण पाच मिलिमीटर कातडीत जाते. तिच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवलेलं असतं. पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज त्याला भिडलं की इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तेवढ्याशा करंटवरून आकडा निघतो. या सगळ्यावर पॉलिमरचा एक पातळ पडदा असतो. आमच्या भाषेत मेम्ब्रेन. खरी करामत त्याची आहे.

एन्झाइम उघडं ठेवलं तर ग्लुकोजची झुंबड उडेल. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये क्रियेला ऑक्सिजनही लागतो, आणि कातडीखाली ग्लुकोजच्या मानानं तो फारच थोडा. शिवाय एन्झाइम दिवसागणिक थकतं. म्हणून पडदा ग्लुकोजला मोजून-मापून आत सोडतो, गेटपास तपासणाऱ्या शिपायासारखा. आत किती जण पोचले हे मग शिपायावर ठरतं, आतले साहेब किती चपळ आहेत त्यावर नाही. एन्झाइम थोडं म्हातारं झालं तरी आकडा ढळत नाही, तो यामुळे. पण याचीच दुसरी बाजू अशी की पडद्याची जी खोड तीच सेन्सरची खोड होऊन बसते.

आणि पडद्याची खोड म्हणजे उष्णता. आमच्या बॉयलरच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन 10 पीपीबीच्या (अब्जात दहा भागांच्या) आत ठेवावा लागतो, नाहीतर नळ्या गंजतात. तो मोजणाऱ्या सेलवरही मेम्ब्रेनच असते. टेफ्लॉनच्या मेम्ब्रेनमधून ऑक्सिजन जायचा वेग अंशामागे साधारण 3 टक्क्यांनी वाढतो, म्हणून आत तापमान मोजणारा थर्मिस्टर असतोच. हे यंत्र आणि दंडावरची चकती एकाच घराण्यातली आहेत. लेलँड क्लार्क या शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये पडद्याआडचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड जगापुढे मांडला, आणि 1962 मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासोबत त्याच इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेजची जोड द्यायची कल्पना मांडली. बॉयलरवाल्यांनी ऑक्सिजन घेतला, डॉक्टरांनी ग्लुकोज.

ग्लुकोजचाही हिशेब तसाच. पाण्यात पदार्थ पसरायचा वेग अंशामागे दोन-अडीच टक्के वाढतो. वर्कशॉपमधला कॉन्टॅक्ट थर्मोकपल मी दंडावर लावून पाहिला. कंट्रोल रूमच्या एसीत कातडी 30 वर, टर्बाइन फ्लोअरवर तासभर काढला की 36 वर. सहा अंशांचा फरक म्हणजे 15 टक्के. कुठलीच दुरुस्ती नसेल तर खरी 120 असलेली शुगर 138 दिसेल. ते चालवून घेऊ. पण खरी 65 असताना 75 दिसली, तर शुगर 70 च्या खाली गेली की वाजायला लावलेला अलार्म वाजणारच नाही, आणि नाइट शिफ्टला इन्सुलिन घेऊन फिरणारा माणूस जिन्यावर बसेल. चिंता त्याची आहे.

यावर दोन उपाय. एक, चकतीत थर्मिस्टर ठेवून सॉफ्टवेअरनं आकडा सुधारायचा. दुसरा, पडदाच असा बनवायचा की त्याला उष्णतेचा फरकच पडू नये. हा दुसरा मला जास्त भावतो. पॉलिव्हिनाइलपिरिडीनसारखं पाणी धरणारं पॉलिमर आणि सिलिकोनसारखं पाणी झिडकारणारं, यांची सांगड घालून असे पडदे करायचे प्रयत्न झाले आहेत. तापमान वाढलं की ग्लुकोजची धाव वाढते, पण काही पॉलिमर त्याच वेळी पाणी सोडून आकसतात आणि वाट अरुंद होते. पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड हे याचं टोकाचं उदाहरण, ते 32 अंशांच्या आसपासच पाणी टाकून देतं. एकीकडे वेग वाढला, दुसरीकडे वाट आखडली, आणि दोन्हींचा मेळ बरोबर बसला तर करंट जागच्या जागी. थर्मिस्टर बिघडू शकतो, सॉफ्टवेअर गंडू शकतं. पडद्याच्या अंगातच गुण असेल तर त्याला कुणी विसरायला लावू शकत नाही.

मी वापरला त्यात नेमकं काय आहे ते पेटीवर लिहिलेलं नाही, म्हणून वागणुकीवरून बोलतो. एसीतून टर्बाइन फ्लोअरवर आणि परत, असं करत बोटाच्या रक्ताशी ताळा घेतला. फरक बहुतेक वेळा 10-12 च्या आतच राहिला, दोन्हीकडे. याला मी पैकीच्या पैकी देतो. आमचे काही अॅनालायझर इतके शहाणे नाहीत.

घसरतो तो थेट उन्हात. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून दुपारी बल्लारपूर रोडनं गाडीवर आलो की चकती तापते, आतलं मांस तेवढं तापत नाही. माझा कयास असा की वरचं तापमान बघून सॉफ्टवेअर गरजेपेक्षा जास्त कापतं, आणि वीस-पंचवीस मिनिटं आकडा खाली दिसतो. पण "उन्हामुळे दिसतंय" म्हणून सोडून देऊ नका. उष्णतेनं रक्तवाहिन्या फुलतात, इन्सुलिन लवकर भिनतं, आणि शुगर खरोखरीच पडलेली असू शकते. घरी या, बोट टोचा. आणि तेही कूलरसमोर बसून, कारण बहुतेक ग्लुकोमीटर 40 ते 45 अंशांपर्यंतच काम करतात. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात तो नुसतं थर्मामीटरचं चिन्ह दाखवून गप्प बसतो.

बाकीच्या गोष्टी पटकन. लावताना दुखत नाही. रक्तापेक्षा आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो, आमरसाची वाटी संपल्यावर लगेच बघून खूश होऊ नये. त्या कुशीवर झोपलं की चकती दबून रात्री खोटा लो, म्हणजे नसलेली कमी शुगर, दाखवते. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसनं काही सेन्सरचे आकडे फुगतात, माहितीपत्रक वाचा. चिकटपट्टी ही मात्र रड आहे. डेझर्ट कूलरची दमट हवा आणि घाम, दोन्हींपुढे ती आठवड्यात कडेनं सुटते. वरून मेडिकलची पारदर्शक टेप लावली तर टिकते, पण खाजतं.

आता खरी तक्रार, आणि ती मेम्ब्रेनवर नाही. पेटीवर स्पष्ट छापलंय, साठवण 4 ते 25 अंश. माझा एक सेन्सर ऑनलाइन मागवलेला. भर दुपारी डिलिव्हरीचा पोरगा आला, खोकं त्याच्या गाडीच्या काळ्या बॅगेत. हातात घेतलं तर चपातीच्या डब्याएवढं गरम. तो सेन्सर पहिल्यापासून बोटापेक्षा चांगलाच खाली दाखवत होता आणि आठवडा उलटायच्या आत बंद पडला. उन्हानंच मेला असं मी लिहून देणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीन, आणि खोक्यासोबत ना बर्फाची पिशवी होती ना थर्माकोल. कंपनीनं विनातक्रार बदलून दिला, तोही तसाच दुपारी, तशाच बॅगेतून!

पोलिओच्या कुपीवर 1996 पासून एक छोटा चौकोन असतो, लस जास्त तापली की काळा पडणारा. खेड्यातली आशाताई तो बघून सांगते, ही कुपी द्यायची की टाकायची. पाच हजारांच्या पेटीवर तो का नसावा? हेल्पलाइनवर विचारलं तर मुलगी म्हणाली, "सर, तुमची सूचना पुढे पाठवते." ग्राहकसेवेला पाचपैकी दीड.

आता मी गावातल्या एका मेडिकलमधून घेतो. तिथं सेन्सर इन्सुलिनच्या फ्रीजशेजारी एसीत असतो. दोनशे रुपये जास्त पडतात, काही हरकत नाही. सकाळी नऊच्या आत जातो, डब्याच्या पिशवीत थंड पाण्याची बाटली ठेवून आणतो, घरी फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो आणि लावायच्या आधी तासभर बाहेर काढतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, तिथं तो गोठून जाईल. घ्यायचाच असेल तर पहिला जोड दिवाळीनंतर घ्या, सवय होऊ द्या. ऑनलाइनवाल्यांकडून मी तरी पाऊस लागल्याशिवाय काही मागवत नाही.