घरपोच मत आणि रांगेतले मत: सोलापुरातील दोन सेवांचा अभिप्राय

2024 या एकाच वर्षात आमच्या घराने निवडणूक यंत्रणेच्या दोन वेगवेगळ्या सेवा वापरून पाहिल्या. लोकसभेच्या वेळी माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घरबसल्या मतदान केले आणि विधानसभेच्या वेळी त्यांनी हट्टाने मतदान केंद्र गाठले. अण्णांचे वय तेव्हा 87 होते. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात, आयुष्य गेल्यामुळे त्यांना कानाने कमी ऐकू येते आणि गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, एरवी प्रकृती ठणठणीत आहे. ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ मतदार आहेत, त्यांना दोहोंपैकी कोणती सेवा घ्यावी हे ठरवताना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रथम गृहमतदानाविषयी. लोकसभेच्या निवडणुकीपासून ही सोय 85 वर्षांवरील मतदारांना आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना मिळते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत 12-डी हा अर्ज भरून द्यावा लागतो. आमच्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, अर्ज घेऊन स्वतःच दारात आले, त्यामुळे आम्हाला कुठेही खेटे घालावे लागले नाहीत. एक गोष्ट मात्र अर्ज भरण्यापूर्वी नीट समजून घ्यावी: अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे तशी खूण होते आणि मग त्या निवडणुकीत केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक पहिल्या वेळी आले आणि मतदार घरी नसला, तर ते आणखी एकदा येते. त्यानंतर येत नाही.

सोलापुरात मतदान 7 मे रोजी होते आणि पथक त्याच्या काही दिवस आधी, कळवलेल्या वेळेलाच आले. दोन मतदान अधिकारी, एक सूक्ष्म निरीक्षक, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा मुलगा एवढी मंडळी आमच्या दोन खोल्यांत मावताना थोडी तारांबळ उडाली, पण त्यांच्या वागण्यात कुठेही घाई नव्हती. बाहेर मे महिन्याचे ऊन मी म्हणत होते, तरी त्यांनी पाण्याखेरीज काही घेतले नाही. आईने केलेले ताक तसेच राहिले. पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा करून अण्णांना टपाली मतपत्रिका आणि पेन देण्यात आले, त्यांनी खूण केली, मतपत्रिका लहान पाकिटात आणि ते पाकीट घोषणापत्रासह मोठ्या पाकिटात बंद झाले. सगळे काम वीस मिनिटांत आटोपले. सेवा म्हणून पाहिले तर नाव ठेवायला जागा नाही. वेळ पाळली गेली, गुप्तता पाळली गेली आणि अण्णांना उंबरठाही ओलांडावा लागला नाही.

मंडळी गेल्यावर मी त्यांना कसे वाटले असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "टपाल टाकल्यासारखं वाटलं."

हे वाक्य मी सहा महिने विसरलो नाही. अण्णांचे पहिले मतदान 1962 सालचे, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीतले. मतदानाचे वय तेव्हा 21 होते. कागदी मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का मारायचा आणि घडी घालून ती पेटीत टाकायची, अशी ती पद्धत होती. म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाईही त्याच निवडणुकीत प्रथम वापरली गेली, आणि ती किती दिवस टिकते याच्या पैजा साचेखात्यात लागल्या होत्या, असे ते अजून सांगतात. पाळी सुटली की गिरणीतली माणसे तशीच अंगावर कापूस घेऊन रांगेत उभी राहत, आणि खात्यातला मुकादम आपल्या पुढे आहे की मागे याकडे कोणी पाहत नसे. त्यांच्या लेखी मतदान म्हणजे ती रांग होती. विधानसभेसाठी ऑक्टोबरमध्ये बीएलओ पुन्हा 12-डी घेऊन आले, तेव्हा अण्णांनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला आणि कोराच परत दिला.

20 नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता आम्ही पूर्व भागातील शाळेत असलेल्या आमच्या केंद्रावर पोहोचलो. अण्णांनी इस्त्रीचे धोतर आणि टोपी घातली होती आणि आदल्या रात्रीच ओळखपत्र खिशात ठेवले होते. येथे पहिला दोष नोंदवतो. फाटकाशी मोबाइल आत नेता येणार नाही असे सांगण्यात आले, परंतु तो ठेवायचा कुठे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी समोरच्या किराणा दुकानदाराने आठ-दहा जणांचे मोबाइल एका डब्यात ठेवून घेतले. केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय करण्याचे निर्देश आयोगाने 2025 मध्ये दिले, तेव्हा ही अडचण एकट्या आमच्या केंद्राची नव्हती हे कळले. दुसरा दोष उताराचा. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर टाकलेली फळी इतकी उभी होती की दोन स्वयंसेवक मागून आणि मी पुढून असे आम्ही अण्णांना जवळजवळ उचलूनच वर नेले. तिसरी तक्रार किरकोळ आहे: यादीचा भाग क्रमांक आणि खोलीचा क्रमांक यांचा मेळ दाखवणारा फलक असा लावला होता की तो दरवाजा उघडला की त्याच्या मागे जाई.

मदत कक्षावरच्या मुलीने मात्र ही सगळी उणीव भरून काढली. वय असेल विसाच्या आसपास. आमच्या भागात तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत, कन्नड बोलणारीही आहेत. ती एका आजींना तेलुगूत खोली दाखवत होती, दुसऱ्या बाईंशी कन्नडमध्ये बोलत होती आणि आम्हाला मराठीत यादीतला अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून देत होती. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, हे तर ती तिन्ही भाषांत न कंटाळता सांगत होती. त्या टेबलाला मी वेगळे पाच तारे देईन.

अडचण अण्णांच्या बाजूने आली. ज्येष्ठांना थेट आत सोडतात, तसे त्यांनाही सोडू लागले, तर ते ऐकेनात. रांग लावण्यासाठी आलो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. स्वयंसेवकांना हा प्रकार नवा असावा. अखेर पंचवीस-तीस माणसांच्या रांगेत त्यांची खुर्ची लावण्यात आली आणि पुढचा पाऊण तास ते कधी नव्हे इतके बोलले; पुढे उभा असलेला यंत्रमागावरचा कामगार जुन्या ओळखीतला निघाला आणि कोणती गिरणी कधी बंद पडली याची उजळणी झाली.

खोलीतली व्यवस्था चोख होती. पहिल्या अधिकाऱ्यांनी ओळखपत्र पाहून नाव मोठ्याने पुकारले. हे पुकारणे समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ऐकावे आणि शंका असल्यास आक्षेप घ्यावा यासाठी असते, पण अण्णांना तो स्वतःचा सत्कारच वाटला असावा, कारण त्यांनी टोपी सरळ केली. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवहीत सही घेतली आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावली. अशक्त मतदाराला सोबती नेता येतो, परंतु अण्णांनी मला हाताने थांबवले आणि ते कक्षापर्यंत चालत गेले. व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेले मत छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, त्यानंतर यंत्र लांबलचक आवाज करते. तो आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. अण्णा मात्र आडोशामागेच उभे राहिले.

"वाजलं का?" त्यांनी आतूनच विचारले.

केंद्राध्यक्ष खुर्चीतून उठले आणि त्यांनी खोलीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "वाजलं की हो, आजोबा!" प्रतिनिधी हसले, रांगेतले हसले आणि अण्णाही हसत बाहेर आले.

तारे द्यायचेच तर गृहमतदानाला पाच आणि आमच्या केंद्राला साडेतीन. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांनी निःसंकोच 12-डी भरावा, त्याला तोड नाही. ज्यांना कोणाच्या आधाराने का होईना उभे राहता येते, त्यांना मात्र आधी विचारावे. अर्ज मुलांनी परस्पर भरू नये, जसा लोकसभेला मी भरून अण्णांच्या हाती फक्त सहीसाठी दिला होता. यादीत अण्णांच्या घर क्रमांकात चूक आहे. ती दुरुस्त करण्यासाठी नमुना 8 भरून दिला असून पोच घेतली आहे. या वेळी अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरला.