२८,५०० रुपयांचा रवा

गोदावरीची वाळू, द्राक्षवेलीची साल, कांद्याची टरफलं, सगळं ऑइल पेंटमध्ये बसवलेलं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग, "नाशिकची माती तुमच्या भिंतीवर" म्हणे. गंगापूर रोडला नवीन फ्लॅट, वास्तुशांत तोंडावर, हॉलची भिंत रिकामी आणि इन्स्टावर नेमका हे विकणारा माणूस. १०,००० जीपे केले, १७,५०० घरी आल्यावर कॅश, १,००० टेम्पोचे. बिल मागितलं तर "ताई, आर्टिस्ट लोक कुठे बिल देतात", आणि मी चक्क मान डोलावली. बिल नाही तर पैसे नाही, एवढं तरी तुम्ही करा.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती हो माझी, म्हणून जास्त जळतंय. तो म्हणाला परवाच पूर्ण केलंय आणि मी त्या बोटभर जाड थरावर नख दाबलं तर टणक, कोरडं ठाक. ऑइलचा एवढा थर आतपर्यंत सुकायला कितीतरी महिने लागतात! जवसाच्या तेलाचा वास नाही, टर्पेंटाइनचा नाही, येत होता तो फेव्हिकॉलचा. नाकाला कळलं होतं. पण गुरुजी फोनवर सामानाची यादी सांगतायत, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, अशात कोण वास घेत बसतं?

जुलैत सोफ्यावर पोरकिडे. दोन दिवस मी किचनमधले डबे उपसले, शेवटी टॉर्च मारला तर एकेक किडा गोदावरीच्या वाळूतून बाहेर येतोय. वाळू कसली, रंगवलेला रवा!! कोपऱ्याचा पोपडा निघाला, खाली बारीक ठिपके, म्हणजे सरळ प्रिंट मारलेला कॅनव्हास. नवरा म्हणे उपमा कर.

पोलीस स्टेशनला गेले तर साहेब फोटो उलटा धरून विचारतात, "मॅडम, हे आहे काय नक्की?" मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. तिकडे विचारलं तर बिल आणा. परत पोलिसांकडे, तर आधी का नाही आलात, आणि अर्ज घ्यायला तीन चकरा, तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तावर. पोचसुद्धा दिली नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं लाजत दोन महिने बसू नका. कॅश तर देऊच नका.

मला त्याने ब्लॉक केलंय. जाऊबाईंच्या फोनवर काल दिसलं, तसंच पेंटिंग, या वेळी "कोकणची वाळू", ३२,०००.