बी.कॉम.: तीस महिन्यांच्या वापरानंतर

पाच सत्रं झाली, सहावं सुरू आहे. साधारण तीस महिने ही पदवी रोज वापरते आहे, तेव्हा आता तिच्याबद्दल बोलायला हरकत नसावी. पहिल्या तीन महिन्यांत लिहिलं असतं तर निव्वळ शिव्या लिहिल्या असत्या, आणि पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी लिहिलं असतं तर नको तेवढं कौतुक. आधीच सांगून ठेवते, मी वर्गात पहिली येणाऱ्यांतली नाही. कॉस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूचा खर्च काढायच्या विषयात, काठावर सुटले आणि संख्याशास्त्रात एकदा चक्क नापास झाले.

घेताना कारण एकच होतं. जो तो म्हणायचा, कॉमर्स सोपं असतं, बाकीचं काही करायला वेळ मिळतो. पास होण्यापुरतं हे खरं आहे. पण पास होऊन गेल्यावर एखाद्या दिवशी लक्षात येतं की आपण ताळेबंद जुळवू शकतो आणि वाचू मात्र शकत नाही. माझ्या बाबतीत तो दिवस तिसऱ्या सत्रात उजाडला.

पहिला महिना नावे आणि जमा यांतच गेला. माझा घोळ बँकेमुळे झाला. खात्यात पैसे आले की बँक ‘क्रेडिट झाले’ असं कळवते, आणि पुस्तक म्हणतं की पैसे आले तर खातं नावे टाका, म्हणजे डेबिट. मला वाटलं पुस्तकात छपाईची चूक आहे. बँकेचा उतारा ही बँकेची वही असते, माझे पैसे हे तिच्या दृष्टीनं देणं असतं, हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. त्याऐवजी आमच्याकडून नियम पाढ्यांसारखे म्हणवून घेतले. पहिल्याच धड्यात लुका पाचोलींचं नाव येतं, १४९४ साली व्हेनिसमध्ये त्यांचा गणिताचा ग्रंथ छापला गेला. बहुतेक जण त्यांना दुहेरी नोंद पद्धतीचे जनक लिहून एक गुण घेतात आणि पुढे जातात. प्रत्यक्षात ते फ्रान्सिस्कन संन्यासी आणि गणिताचे शिक्षक होते. व्यापारी ही पद्धत त्यांच्या आधीपासून वापरत होते, पाचोलींनी ती नीट मांडून छापली. वह्या लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढलेली युक्ती आहे हे कळल्यावर माझी तिच्याबद्दलची भीती बरीच कमी झाली.

मग तेरीज, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या तोंडी ट्रायल. सगळ्या खात्यांच्या शिलका मांडायच्या आणि नावे व जमा बाजूंची बेरीज सारखी येते का ते पाहायचं. ती न जुळण्याचं दुःख ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा रात्री माझी ट्रायल २७० नं चुकत होती. खतावणी, म्हणजे खात्यांची वही, तीनदा तपासली, बेरजा चारदा केल्या. शेवटी वरच्या वर्गातल्या एका मुलीनं नुसता आकडा पाहिला आणि म्हणाली, “नऊनं भाग जातो का बघ. जात असेल तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालीये.” भाग गेला. पाच मिनिटांत सापडलं, १,९६० च्या जागी मी १,६९० उतरवले होते. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. दहा क आणि ख यांतून दहा ख आणि क वजा केले की नऊ गुणिले त्यांचा फरक उरतो, शाळेतलंच बीजगणित आहे. हे आमच्या पुस्तकात एका ओळीत होतं आणि वर्गात कुणी वाचलंही नव्हतं. त्या रात्री मला अकाउंट्स पहिल्यांदा आवडलं.

या पदवीबद्दलची माझी खरी तक्रारही तिथूनच सुरू होते. ट्रायल जुळली की आपण श्वास सोडतो, तपासणारेही सोडतात. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत मी यंत्राच्या दुरुस्तीचे ८,००० दुरुस्ती खर्चात न टाकता यंत्र खात्यात टाकले, आणि वर त्यावर १० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावटही काढली. म्हणजे नफा ७,२०० नं जास्त दिसत होता आणि मालमत्ता तेवढीच फुगलेली. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू अगदी तंतोतंत जुळल्या. माझा एक गुण गेला. शेजारच्या मुलाला सगळं कळलं होतं, त्याची फक्त शेवटची बेरीज चुकली, त्याचे तीन गेले. पूर्ण राहून गेलेली नोंद, भलत्या खात्यात गेलेली नोंद, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका, यांतली एकही तेरजेला दिसत नाही. हे आम्ही ‘तेरजेच्या मर्यादा’ म्हणून पाच मुद्द्यांत पाठ केलं, लिहिलं, गुण मिळवले. आणि पुढच्याच प्रश्नात पुन्हा जुळवायला बसलो.

तिसऱ्या सत्रात रोकड प्रवाह पत्रक, म्हणजे पैसे प्रत्यक्षात किती आले-गेले ते दाखवणारं पत्रक आलं आणि माझं पितळ उघडं पडलं. नफ्यापासून सुरुवात करायची आणि त्यात घसारा मिळवायचा. मी हात वर करून विचारलं, घसाऱ्यातून रोकड येते कशी? वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना उत्तर माहीत नव्हतं, हे नंतर चहाच्या वेळी कळलं. घसाऱ्यातून छदामही येत नाही. यंत्र घेतलं तेव्हा पैसे गेले, नंतर दरवर्षी नफ्यातून जे वजा करतो ते कागदावर. ज्या वजाबाकीत रोकड गेलीच नव्हती ती परत मिळवून घ्यायची, एवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की भरपूर नफा दाखवणारा धंदा पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून बंद कसा पडतो तेही कळतं. माल उधारीवर गेला, विक्री लिहिली, नफा लिहिला, पैसे अजून गिऱ्हाइकाकडेच. या पदवीतली एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हे दोन तास निवडीन. आमच्या वेळापत्रकात त्याला खरोखर दोनच तास होते.

कॉस्टिंगबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. विषय झकास, शिकवण्याची तऱ्हा रडकी. एक साधं उदाहरण घ्या. कारखान्याचा अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे कुठल्याही एका वस्तूवर थेट टाकता न येणारा, ९०,०००. एकूण मजूर तास १,०००, यंत्र तास ५००. एका वस्तूला ३०० मजूर तास लागतात आणि ५० यंत्र तास. मजूर तासांवर खर्च वाटला तर तिच्या वाट्याला २७,००० येतात, यंत्र तासांवर वाटला तर ९,०००. वस्तू तीच, कारखाना तोच, विजेचं बिलही तेच, आणि खर्चात तिपटीचा फरक. आता ती वस्तू विकायला परवडते की नाही, सांगा बघू! यावर वर्गात कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. पण प्रश्नातच छापलेलं असतं, ‘मजूर तासांच्या आधारे वाटप करा’. विचार करायची जागा प्रश्न काढणाऱ्यानं आधीच भरून ठेवलेली.

अर्थशास्त्र ठीक. आलेख काढायला मजा येते. किंमत बदलली तर मागणीच्या वक्रावरून सरकायचं आणि उत्पन्न बदललं तर वक्रच सरकवायचा, एवढं पक्कं केलं की पहिलं सत्र निघून जातं.

व्यवस्थापनाच्या विषयांबद्दल मात्र थोडं मोकळं बोलते. अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, व्याप्ती, मर्यादा. विषय कोणताही असो, धडा हाच. हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली, ती मी तीन वेगवेगळ्या पेपरांत तीनदा लिहिली आहेत. फेयॉल स्वतः खाणींची कंपनी चालवत होते, बुडीत निघालेली सावरली होती, त्या माणसाकडे सांगण्यासारखं किती असेल! आमच्यापर्यंत चौदा मथळे पोचले.

कायद्याचं उलट. कंटाळवाणा निघेल म्हणून मागच्या बाकावर बसले आणि दुसऱ्या आठवड्यात पुढे आले. इंग्लंडमधला कार्लिल खटला ऐकला असेल. आमचा नाकानं हुंगायचा औषधी ‘स्मोक बॉल’ सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीनं दिली. कार्लिलबाईंनी तो वापरला, त्यांना इन्फ्लुएन्झा झाला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, जाहिरात कुणी एवढी मनावर घेतं का? पण तिनंच जाहिरातीत लिहिलं होतं की आमचा हेतू पक्का आहे, हजार पौंड बँकेत ठेवलेत. १८९२ मध्ये अपील न्यायालयानं बाईंच्या बाजूनं निकाल दिला. दुसरा १८९७ चा सॅलोमन खटला. चामड्याचे बूट करणाऱ्या माणसानं आपला धंदा आपल्याच कंपनीला विकला, भागधारक तो आणि घरचे. कंपनी बुडाल्यावर बाकीचे धनको म्हणाले, हा आणि कंपनी एकच. वरच्या न्यायालयानं सांगितलं, दोघे वेगळे. ‘कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे’ हे वाक्य मी त्याआधी दोनदा पाठ केलं होतं, पण ते कुणाचे तरी पैसे बुडवू शकतं हे तेव्हा कळलं.

लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिट, पाचव्या सत्रात आलं. माझ्या मते ते पहिल्याच वर्षी यायला हवं, निदान थोडं तरी. अखेरचा माल, म्हणजे वर्षाअखेर शिल्लक राहिलेला, १०,००० नं फुगवून दाखवा. माल खातं नावे, व्यापार खातं जमा, दोन्हीकडे सारखीच वाढ, त्यामुळे सगळं जुळतं आणि नफा १०,००० नं वाढतो. पण या वर्षीचा अखेरचा माल हा पुढच्या वर्षीचा आरंभीचा माल, म्हणजे पुढच्या वर्षी नफा तेवढाच खाली येणार. तो पुन्हा १०,००० नं वर दाखवायचा तर आता २०,००० फुगवायला लागतात. त्याच्या पुढच्या वर्षी ३०,०००. खोटं बोलणाऱ्याला दरवर्षी आधीपेक्षा मोठं खोटं बोलावं लागतं, आणि वही प्रत्येक वर्षी जुळते. १८९६ च्या किंग्स्टन कापड गिरणीच्या खटल्यात नेमकं असंच झालं होतं. व्यवस्थापक मालाचे आकडे वर्षानुवर्षं वाढवून देत होता आणि लेखापरीक्षक त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवत होते. न्यायालयानं त्यांना जबाबदार धरलं नाही. लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नाही, हे प्रसिद्ध वाक्य त्याच निकालातलं. परीक्षेत ते लिहिलं की गुण मिळतात. पण १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स कंपनीच्या वह्यांत नसलेलाच माल सापडला आणि त्यानंतर लेखापरीक्षकांनी मालाची मोजणी स्वतः हजर राहून पाहायची हा दंडक पडला. हा दुसरा भाग आमच्या नोट्समध्ये नव्हता. मी ग्रंथालयात भलतंच पुस्तक शोधताना तो वाचला, आणि दुसऱ्या सत्रातली ती माझी ८,००० ची दुरुस्ती आठवून हसू आलं. मीही वर्षाचा नफा फुगवलाच होता की, फक्त न कळत.

टिकाऊपणाबद्दल विचाराल तर, वर्गात शिकलेल्या पद्धती भराभर विसरायला होतात. संयुक्त उपक्रमाची खाती मी एका उन्हाळ्यात पूर्ण विसरले आणि काही बिघडलं नाही. टिकली ती एक खोड. आकडा दिसला की दुसरी बाजू कुठे आहे ते शोधायची. कुणी म्हणालं आमची विक्री दुप्पट झाली, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, किती वाढली? घरच्यांना ही खोड त्रासदायक वाटते.

एक मोठी उणीव राहिलीच. तीन वर्षांत एकही गणित आम्ही स्प्रेडशीटवर सोडवलेलं नाही. व्हिसीकॅल्क हा स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम १९७९ मध्ये आला, तेव्हापासून हे काम यंत्रावर होतंय, आणि आम्ही अजून पट्टीनं रकाने आखतो. हातानं करण्यात काही वाईट नाही, पहिल्या वर्षी तर ते हवंच, कारण चूक कुठून शिरते ते बोटांना कळतं. पण तिसऱ्या वर्षीही पेपरचा निम्मा वेळ आखण्यात जात असेल तर काय बोलायचं. स्प्रेडशीट मी सुट्टीत स्वतःच शिकले. तुम्ही घेणार असाल तर पहिल्याच सुट्टीत शिकून टाका, माझ्यासारखी दुसऱ्या वर्षाची वाट पाहू नका. आणि एखाद्या खऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, कोणतीही कंपनी चालेल. आधी आकडे नकोत, मागच्या टिपा वाचा. घसारा कोणत्या पद्धतीनं काढला, मालाचं मूल्यांकन कसं केलं, बुडीत कर्जाची तरतूद किती, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना झोप येईल. मला दोनदा आली.

ज्यांना गणिताचं भय आहे म्हणून ते कॉमर्सकडे वळतायत त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम आधी बघून घ्यावा. त्यात गणित आहे, आणि चांगलं आहे. छोट्या नमुन्यांसाठीची टी चाचणी गॉसेट यांनी काढली, ते गिनेसच्या बिअर कारखान्यात कामाला होते आणि १९०८ मध्ये तो लेख त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापला. हे मला पुनर्परीक्षेची तयारी करताना कळलं. पहिल्या वेळी फक्त सूत्र माहीत होतं.

कॅल्क्युलेटर कोणता घ्यायचा हे सगळे विचारतात. साधा, बारा अंकी, मेमरीची बटणं असलेला पुरतो, फक्त परीक्षेत चालतो ना ते आधी विचारा. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा घेऊ नका. मी घेतला होता. जुन्यावर जिथे शून्याचं बटण होतं, तिथे नव्यावर दोन शून्यांचं होतं. तो पेपर संख्याशास्त्राचा होता.