सिक्सलाइन की यलो कोरिस: रीफ टँकसाठी रॅस निवडताना

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात क्लाउन माशांची जोडी रुळली, गोबीने वाळूत आपला कोपरा धरला, कोरलनी दगड पकडले, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता रॅस जातीचा मासा कोणता? खिसा आणि टँकची लांबी पाहून बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते. सिक्सलाइन आणि यलो कोरिस. दोघेही कोरलला तोंड लावत नाहीत, दोघेही दिवसभर दगड तपासत फिरतात आणि दोघेही दिसायला देखणे. मी दोन्ही सांभाळले आहेत, पण एका वेळी एकच आणि वेगवेगळ्या टँकमध्ये. सिक्सलाइन होता तो टँक छोटा होता, हे आधीच सांगून ठेवतो. मोठ्या टँकमध्ये तो वेगळा वागला असता, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

रॅस आणण्यामागे बहुतेकांचं खरं कारण किडे हे असतं. आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून दगड, म्हणजे प्रवाळांचेच सांगाडे, उचलून आणण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे घरोघरीचे दगड कोरडे आणून टँकमध्येच मुरवलेले असतात. अशा दगडांतून किडे येत नाहीत. ते येतात दुसऱ्याच्या टँकमधून आणलेल्या फ्रॅगच्या (लावायला आणलेल्या कोरलच्या तुकड्याच्या) बुडाशी चिकटून. लाल फ्लॅटवर्म, झोआंथिड नावाच्या कोरलवर डल्ला मारणारे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी), ट्रोकस गोगलगायींचा रस शोषणाऱ्या बारीक पांढऱ्या परजीवी गोगलगायी. दोन्ही रॅस यातलं बरंच खातात म्हणतात, आणि खातातही, पण कोणता मासा नेमकं काय खाईल याची हमी दुकानदारही देत नाही. सिक्सलाइन जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा, त्यामुळे तो दगडाच्या पोटात शिरून शोधतो. यलो कोरिस बारा सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याचं काम दगडाच्या वरून आणि वाळूवर. लाल फ्लॅटवर्मच्या बाबतीत माझ्या टँकमध्ये कोरिस उजवा ठरला. सिक्सलाइनने त्यांच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. उलट ब्रिसल वर्म सिक्सलाइनच्या काळात कमी दिसायचे. मोजणी कोणी केली नव्हती, काचेला नाक लावून बघितलेलं एवढंच.

मँडरिन मासा ठेवायचं मनात असेल तर मात्र दोघांकडेही संशयाने बघा. मँडरिन जगतो कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांवर, आणि मुरवलेल्या दगडांच्या टँकमध्ये ते आधीच बेताचे. त्यात दिवसभर चरणारा रॅस आला की मँडरिनचं पोट खपाटीला गेलंच. रेफ्युजियम, म्हणजे असे जीव वाढायला जोडलेली वेगळी टाकी, मोठं असेल तर गोष्ट वेगळी.

वाळूचा मुद्दा अनेकांसाठी इथेच निकाल लावतो. यलो कोरिस रात्री वाळूत झोपतो, घाबरला तरी वाळूतच सूर मारतो. त्याला किमान पाच सेंटिमीटर बारीक वाळू लागते. ठेचलेल्या कोरलचा जाड चुरा चालत नाही, अंग खरचटतं. तुमचा टँक बेअर बॉटम, म्हणजे तळाला वाळू नसलेला, असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सिक्सलाइन घ्या. तो दगडाच्या फटीत शिरतो, अंगाभोवती चिकट पदार्थाचा पातळ कोश विणतो आणि सकाळी त्यातून बाहेर येतो. रात्री टॉर्च मारला तर कधीकधी तो कोश दिसतो, आणि तेवढ्यासाठी तरी सिक्सलाइन एकदा पाळावा असं वाटतं.

कोरिसच्या झोपेची दुसरी गंमत आहे. क्लाउन आता हॅचरीत वाढलेले मिळतात, अगदी ऐरोलीतही त्यांची पैदास होते. रॅस मात्र जवळपास सगळे समुद्रातूनच पकडलेले. यलो कोरिसचं मूळ घर पश्चिम प्रशांत महासागर आणि इंडोनेशियाच्या बाजूचा समुद्र. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. नवा आलेला कोरिस तिथल्या वेळेने चालतो: दुपारी चारलाच वाळूत गडप, आणि सकाळी दिवे लागण्याआधी बाहेर. ऑफिसातून संध्याकाळी घरी येणाऱ्याला तो दिसतच नाही. सुरुवातीला तर तो काही दिवस वर येतच नाही, आणि तो मेला असं समजून माणूस वाळू उकरायला घेतो. उकरू नका. माझा वर आला तेव्हा काहीच न घडल्यासारखा मायसिस (खाद्य म्हणून टाकायचे कोळंबीसारखे बारीक जीव) खात होता. हळूहळू त्याचं घड्याळ आपल्या दिव्यांना जुळतं.

क्वारंटाइनमध्ये, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवून औषध देताना, सिक्सलाइन सोपा. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकला की झालं. कोरिससाठी डब्यात वाळू द्यावी लागते, आणि तीही कॅल्शियमवाली नको, कारण ती औषधातलं तांबं शोषून घेते आणि औषधाचं प्रमाण हुकतं. सिलिका वाळू घ्या. रॅसना तांबं तसंही फारसं मानवत नाही, तेव्हा हळू चढवा.

इथवर कोणी म्हणेल, की सगळं सिक्सलाइनच्याच बाजूने चाललंय. मासा छोटा, काटक, बहुधा स्वस्त, वाळूची अट नाही. निळ्या दिव्यांखाली त्या जांभळ्या-नारिंगी पट्ट्या अशा उठतात, की पाहुणे आधी त्याचंच नाव विचारतात. कोरिसचा पिवळा रंग त्याच दिव्यांत थोडा हिरवट मारतो. माझ्या टँकमध्ये तरी मारतो.

पण सिक्सलाइन शेवटी टाकायचा मासा आहे. सगळेच हे सांगतात: भित्रे मासे आधी, सिक्सलाइन सगळ्यात शेवटी. सल्ला बरोबर आहे. फक्त रीफ टँकमध्ये ‘शेवटचा मासा’ नावाची गोष्ट नसते. फायरफिश एक दिवस उडी मारतो, कार्डिनल म्हातारा होतो, मित्र घर बदलतो आणि त्याची गोबी आपल्याकडे येते. ज्याची यादी एकदा भरली आणि पुन्हा कधीच उघडली नाही, असा शौकीन मला अजून भेटायचा आहे.

आणि सिक्सलाइनला नवा मासा खपत नाही. आधीपासून असलेल्यांशी तो नीट राहतो, क्लाउनच्या वाटेला जात नाही. भांडण नव्याशी. त्याची वागणूक थेट वहिवाटदाराची: सातबारा आपल्या नावावर, पण कब्जा त्याचा, आणि बांधावर कोणी पाऊल टाकलं की हा काठी घेऊन उभा. चावे मोठे नसतात. परांच्या कडा कुरतडतो, वाट अडवतो, नव्याला खायला पुढे येऊ देत नाही. माझ्याकडे नंतर आलेला फायरफिश ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर नेणाऱ्या कप्प्याच्या) मागे जाऊन बसला तो बसलाच. दुसऱ्या बाजूला खाणं टाकलं, तरी सिक्सलाइन मधे हजर. अंगावर जखम एकही नव्हती, मासा मात्र वाळत चालला होता.

यावरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. छिद्रं असलेला पारदर्शक ॲक्लिमेशन बॉक्स टँकमध्ये लावून नव्याला त्यात ठेवायचं, म्हणजे जुन्याला सवय होते. काचेबाहेर आरसा लावून त्याचं लक्ष तिकडे गुंतवायचं. दिवे मंद करायचे. दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे हद्दीच पुसल्या जातात. काहींच्या घरी हे चालतंही. माझ्या सिक्सलाइनला बॉक्सचं कौतुक दोन दिवस होतं, नंतर त्याने बॉक्ससमोरच मुक्काम ठोकला. मांडणी बदलणं तर बोलायलाच सोपं. वर्षभर चाललेल्या टँकमध्ये दगड इपॉक्सीने जोडलेले असतात, त्यांवर झोआंथिडची चादर पसरलेली असते, हॅमर कोरलची डोकी एकमेकांत गुंतलेली असतात. एक दगड हलवायचा म्हणजे चार कोरल उपटायचे.

माझा निर्णय दादागिरीवर झाला नाही. दादागिरी करणारे मासे पुष्कळ आहेत, डॅमसेल त्याहून वाईट. निर्णय झाला तो यावर, की हा मासा बाहेर काढता येत नाही. जाळी पाहिली की तो दगडात शिरतो, आणि त्याला त्या दगडाची मागची सगळी दारं पाठ असतात. ट्रॅप लावला. पहिल्यांदा क्लाउन आत गेले, मग क्लीनर श्रिंप जाऊन मायसिस चाटूनपुसून खाऊन आला. सिक्सलाइन ट्रॅपच्या बाहेर, भिंतीला लागून, दोरी धरलेल्या माझ्या हाताकडे बघत. रात्री झोपेत पकडावं तर झोपतो दगडाच्या पोटात. तो शेवटी माझ्या हाती लागला घर बदलताना, टँक पूर्ण रिकामा झाल्यावर, बादलीत काढून ठेवलेल्या दगडांतल्या एकातून. आता तो एका मित्राकडे डॅमसेलच्या टोळीत राहतो आणि तिथे अगदी सज्जन आहे. समोरचे तोडीस तोड असले की त्याचं बरं चालतं.

सगळेच सिक्सलाइन असे नसतात. काहींचे आयुष्यभर शांत राहिल्याचं ऐकलंय आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की तुमचा कसा निघेल हे तो टँकमध्ये स्थिरावल्यावर कळतं, आणि तोवर तो हातातून निसटलेला असतो.

कोरिसमध्ये हे वैताग नाहीत, पण त्याचे स्वतःचे आहेत. खालच्या थरातल्या झोआंथिडवर आणि अकॅन कोरलवर रोज सकाळी वाळू उडालेली असते. किडे शोधताना तो छोटे दगड आणि न चिकटवलेले फ्रॅग सरळ उलटे करतो. रॅकवर किंवा गोंदाने बसवल्याशिवाय काही ठेवू नये. बारीक गोगलगायी आणि सेक्सी श्रिंपसारखे छोटे श्रिंप त्याच्या नजरेतून सुटतीलच असं नाही, मोठा झाल्यावर तर नाहीच. त्याची भूकही मोठी. दिवसातून एकदा खाणं टाकून चालत नाही, दोन-तीनदा थोडंथोडं लागतं, नाहीतर पाठीकडून बारीक व्हायला लागतो. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यांनी ऑटोफीडरचा विचार करूनच आणावा. आणि त्याला पोहायला लांबी हवी. दीडशे लिटरच्या आत मी ठेवणार नाही, दोनशेच्या पुढे बरा.

पण नवीन मासा आला, की हा फार तर एक फेरी मारून बघतो आणि परत वाळू हुंगायला लागतो. मित्राकडची गोबी आली, बांगाई कार्डिनलची जोडी आली, दर वेळी तेच. पिवळ्या रंगाच्या किंवा त्याच जातकुळीतल्या दुसऱ्या रॅसशी खटका उडू शकतो, हे लक्षात ठेवा. आणि काढायची वेळ आलीच तर हाच हावरट ट्रॅपमध्ये सगळ्यांत आधी शिरतो. माझा तरी रिकाम्या ट्रॅपमध्येही जाऊन आला.

मग सिक्सलाइन कोणी घ्यावा? टँक छोटा आहे, तळाला वाळू नाही, सोबतीला डॅमसेल, डॉटीबॅक किंवा मरून क्लाउनसारखे दांडगे आहेत आणि यादी खरोखरच संपली आहे, त्यांनी. अशा टँकमध्ये कोरिस आणणं हा कोरिसवर अन्याय. छोटाच टँक पण शांत मासे, असं असेल तर या दोघांऐवजी पॉसम रॅस मिळतो का बघा. लाजाळू आहे, आठवड्यातून दोनदा दर्शन दिलं तरी पुष्कळ, पण कोणाला त्रास नाही. मेलानुरस रॅसबद्दलही विचारणारे असतात. तो कोरिसचा जातभाई, रंगाने त्याहून सरस, सवयी त्याच. स्वभावाने मला जरा आखडू वाटला.

बाकीच्यांनी, म्हणजे वाळू आहे, चार फुटांचा टँक आहे आणि पुढेमागे अजून एखादा मासा येणार आहे हे मनातून माहीत आहे, त्यांनी माझ्या मते कोरिसकडे वळावं. कुर्ल्याच्या बाजारातून घ्या किंवा कुठूनही, काही गोष्टी बघून घ्या. दुकानातल्या टाक्यांना वाळू नसते. हा मासा तिथे सवयीने तळावर सूर मारतो आणि जबडा दुखावून घेतो. तोंड नीट मिटतंय ना, खालचा ओठ सोललेला नाही ना, हे समोरून पाहा. पोट आत गेलेला घेऊ नका. दुकानदाराला मायसिस टाकायला सांगा आणि तुमच्यासमोर खाल्ला तरच पिशवी बांधून घ्या. पाठीच्या परावर दोन-तीन काळे ठिपके असलेला छोटा मिळाला तर उत्तम. तो वयाने लहान किंवा मादी असतो, आणि लहान वयाचा लवकर रुळतो. दुपारी उशिरा गेलात तर तो कोपऱ्यात आडवा पडलेला दिसेल. आजारी असेलच असं नाही, त्याची रात्र झाली असेल. सकाळी जा.

आणि दोघांपैकी कोणताही आणा, टँक उघडा ठेवू नका. उन्हाळ्यात चिलरवरचा भार कमी करायला आपण झाकण काढून पंखे लावतो. दोघेही उड्या मारणारे आहेत, आणि सकाळी फरशीवर कडक झालेला मासा पाहून तो कोणता हे शोधण्यात अर्थ नसतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बारीक पारदर्शक जाळी ताणून बसवा. हवा खेळती राहते, दिवाही अडत नाही. वायर आणि पाइप आत जातात तिथली फट मात्र मोजून बंद करा. सिक्सलाइनला बोटभर जागा पुरते.